चिंचेखालची हजेरी

घड्याळ काढून ठेवा. फोन तर न्यायचाच नाही. खिशात सहाव्या जॉर्जचा छाप असलेले चार-सहा आणे असू द्यात. देश प्रजासत्ताक होऊन काही महिने झाले असले, तरी त्याची स्वतःची नाणी ऑगस्टात निघायची आहेत. साल १९५०, महिना मे, वेळ दुपारी चारची. तुम्ही मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत उभे आहात आणि उन्हानं डोकं तापलंय.

हेच साल निवडलं त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी, मार्च १९४८ मध्ये, मिरजेची थोरली आणि धाकटी अशी दोन्ही पटवर्धनी संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. गाव आता दक्षिण सातारा नावाच्या नव्या कोऱ्या जिल्ह्यात मोडतं. जिल्ह्याला सांगलीचं नाव मिळायला अजून दहा वर्षं आहेत. गवयांना पोसणारे दरबार गेले. दिल्लीतली संगीत नाटक अकादमी सुरू व्हायला १९५३ साल उजाडावं लागेल. राजा बैठकीतून उठून गेलाय आणि सरकार अजून येऊन बसलेलं नाही. या मधल्या वेळात गाणं कोण चालवतं, ते बघायला तुम्हाला पाठवलंय.

समोरच्या ओट्यावर भोपळे रचलेत. पंढरपूरच्या बाजूचे, वाळून खणखणीत झालेले. बोटानं टिचकी मारली की आतली पोकळी बोलते. आतल्या पडवीत एकजण दांडी घासतोय, एकजण खुंट्या बसवतोय, आणि कोपऱ्यात एक म्हातारा मांडीवर तंबोरा आडवा घेऊन घोडीवर कानस फिरवतोय. दोनदा फिरवतो, तार लावतो, छेडतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा कानस. घोडीचा माथा वरवर सपाट दिसतो, पण त्याला केसभर उतार असतो. तार त्या उताराला निसटती टेकत कापते, म्हणून तंबोऱ्याचा तो घुमारा निघतो. उतार जरा चुकला की आवाज बसका होतो, नाहीतर पत्र्यासारखा कर्कश. जवारी काढणं म्हणतात ते हे. मोजायला माप नाही. कान हेच माप.

यांचे पूर्वज शिकलगार. तलवारी-भाल्यांना धार लावणारी माणसं. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी आटत गेली तेव्हा यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं बनवायला घेतली, आणि गल्लीच्या गल्ली त्या धंद्याला लागली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्हाला ठाऊक आहे. सांगू नका. म्हातारा एवढंच विचारेल, की त्यानं भोपळा स्वस्त होतो का.

‘‘पावणं, उरुसाला आलाय न्हवं?’’ सोळा-सतरा वर्षांचा पोरगा तुमच्यापुढे येऊन उभा. ‘‘मग धरा की ह्यो.’’

आणि तुमच्या हातात तंबोरा येतो. ओळख नाही, पाळख नाही. भोपळा कमरेशी, दांडी खांद्याला लावून उभी, एक हात खाली आधाराला. पोराच्या खांद्यावर दुसरा तंबोरा, बगलेत तारांची पुरचुंडी आणि जाड दोऱ्याचं रीळ. रात्री वाद्यं लावून द्यायचं काम त्याचं. पैशाचं विचारू नका, तो हसेल. दुकानात आलं की गिऱ्हाईक, दर्ग्यात घरचं कार्य, असा सरळ हिशेब आहे त्याचा.

गल्लीतून बाहेर पडताना त्याला बोलू द्या. गाव दाखवायची त्याला हौस आहे. दूरवर गाडीची शिटी वाजते. मिरजेहून पुण्याकडे गाडी जाते, बेळगाव-धारवाडकडे जाते, कोल्हापूरला जाते, आणि १९२७ पासून बार्शी लाइटची छोटी गाडी पंढरपूरकडेही जाते. हुबळीच्या गवयाला गाडीत बसून यायचं, रात्री गायचं आणि दुसऱ्या दिवशी परत जायचं तर वाट सोपी आहे. संगीताच्या इतिहासात घराण्यांची पानंच्या पानं असतात; जंक्शनवर एक ओळही नसते.

दुसरं कारण जरा विचित्र आहे. मिरज गाणाऱ्यांचं गाव झालं त्यात आजारपणांचा मोठा वाटा आहे. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुसकरांचे डोळे लहानपणी फटाक्याच्या दारूनं भाजले. उपचाराला मिरजेत आणलं. दृष्टी पुरती सुधारली नाही, शाळा सुटली आणि पोरगा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला बसला. नारायण राजहंसाचा कान दुखायचा, त्याला इथल्या मिशन दवाखान्यात वानलेस डॉक्टरांकडे धाडलं होतं. त्याच मिरजेत १९०५ साली किर्लोस्कर मंडळीच्या रंगमंचावर तो शकुंतला होऊन उभा राहिला आणि महाराष्ट्राला बालगंधर्व मिळाले. तिसरे रोगी अब्दुल करीम खाँ. त्यांच्याकडेच तर निघालो आपण.

दर्ग्याच्या वाटेवर गर्दी दाटत जाते. खाजा, बत्तासे, चिरमुरे, काकणं, गॅसबत्त्यांचे खांब, धूळ. ख्वाजा मीरासाहेबांचा उरूस चांद्र महिन्यानं चालतो, म्हणून दर वर्षी अकराएक दिवस मागे सरकतो आणि तेहतीस वर्षांत सगळे ऋतू हिंडून येतो. यंदा तो ऐन वळवाच्या दिवसांत आलाय. हे लक्षात ठेवा, रात्री उपयोगी पडेल. उरुसातला पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा. काल-परवा तो वाजतगाजत चढला, आता बाकीचं गाव येतंय.

आवारात शिरा. चिंच दिसली? तंबोरा तिच्या बुंध्याला टेकवायचा नाही, मुंग्या आहेत. पोरगा सांगेल तिथे, भिंतीच्या सावलीत, घोंगडीवर निजवून ठेवा. थोड्या अंतरावर खाँसाहेबांची कबर आहे. तिच्यावर ताजी फुलं आहेत आणि शेजारी एक छोटी मुलगी बत्तासे खात बसलीय.

आता तुम्हाला मास्तर भेटतील.

प्रत्येक गावात असा एक मास्तर असतो. काळी टोपी, धोतर, सदऱ्याच्या खिशात पेन्सिल, काखेत वही. दिवसा प्राथमिक शाळेत गणित शिकवतात. गाणं त्यांना येत नाही. पेटीवर दोन भजनं बसवली होती लहानपणी, तेवढंच. पण या आवारात कुठली सतरंजी कुणाच्या घरची, कुठल्या बत्तीचा मेंटल गेलाय, कुठला तबलजी कुणाबरोबर वाजवणार नाही, हे सगळं त्यांना पाठ आहे. ते तुमच्याकडे पाहतात, नाव विचारत नाहीत, म्हणतात, ‘‘उंच आहात. तो कंदील टांगा बघू त्या फांदीला.’’

टांगा. मग घागरी भरा. मग सतरंज्या अंथरा. सतरंज्या तीन घरांच्या आहेत, आणि कोपऱ्याला वेगवेगळ्या रंगाचा दोरा शिवलाय, उद्या भांडण नको म्हणून. कर्णेवाला आपला कर्णा चिंचेच्या दुसऱ्या फांदीला बांधतोय. तो भाडं घेत नाही, पण मैफलीच्या आधी पंधरा मिनिटं स्वतःच्या दुकानाची जाहिरात लावतो, आणि ती बंद करायला मास्तरांना दर वर्षी त्याच्याशी हुज्जत घालावी लागते. चहाचं आधण कोपऱ्यात चढलंय. साखर कंट्रोलची, म्हणून चहा गुळाचा. गूळ बाजारपेठेतल्या एका अडत्यानं दिलाय. त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. दर वर्षी पहिल्या रांगेत बसतो आणि अर्ध्या तासात झोपतो.

तिकीट नाही. वर्गणीची पावती नाही. गाणाऱ्याला बिदागी नाही. इथे गवई हजेरी लावायला येतो, दर्ग्यापुढे आणि खाँसाहेबांच्या कबरीपुढे. हे सगळ्यात मोठं भांडवल आहे या सभेचं, आणि त्याचा परिणाम गमतीचा होतो. ज्या गवयाच्या घरी मुंबईचे शेठ वाट बघत बसतात, तो इथे मास्तरांना विचारतो, ‘‘माझा नंबर कधी लागेल?’’ मास्तर वही उघडून बोट फिरवतात. ऐकणाऱ्यानं पैसे मोजलेले नाहीत, त्यामुळे त्याला रुसायचा हक्क नाही. गाणाऱ्याला पैसे मिळायचे नाहीत, त्यामुळे त्याला कुणाची मर्जी राखायची नाही. उरला प्रश्न क्रमाचा. ज्येष्ठ शेवटी, हा रिवाज. पण दोघांपैकी ज्येष्ठ कोण हे गवयांमध्ये ठरवायचं म्हणजे भाऊबंदकीचा दावा निकालात काढण्यासारखं आहे: एकाचं वय जास्त, दुसऱ्याची तालीम जुनी, तिसऱ्याचा गुरू मोठा. आत्ता, संध्याकाळी सहाला, मास्तर तेच करतायत. कान देऊन ऐका, रागांच्या वेळांचं इतकं सूक्ष्म शास्त्र पुस्तकात सापडणार नाही. ‘‘बुवा, बारानंतर मालकंस तुम्हालाच गायचाय ना? मग ह्याला अकराला बसवू द्या की. तो बिहागच्या पुढं जात नाही.’’ बुवा विरघळतात.

जेवायची वेळ झाली. पाहुण्या कलाकारांना गावानं वाटून घेतलंय. कुणी ब्राह्मणपुरीतल्या वाड्यात, कुणी सतारमेकरांकडे, कुणी स्टेशनाजवळ एका रेल्वे कारकुनाच्या दोन खोल्यांत. इथे जरा डोळे उघडे ठेवा. आवारात एका सतरंजीवर बसणारी माणसं पंगतीला एकत्र नाहीत. सारंगिया मुसलमान आहे, त्याचं ताट वेगळ्या घरी. वाड्यातली आजी गवयाला दारात आलेला पाहून हरखते, दोन वाट्या आमरस आग्रहानं वाढते, आणि तो गेल्यावर कोणती भांडी वेगळी घासायची ते सुनेला खुणेनं सांगते. जुन्या मैफलींच्या आठवणी लिहिणारे लोक हा भाग गाळतात. मला तो गाळावासा वाटत नाही, कारण त्याच आजीनं मघाशी तीन सतरंज्या काढून दिल्यात आणि रात्री ती पोत्यावर बसून पहाटेपर्यंत गाणं ऐकणार आहे. दोन्ही खरं आहे, आणि एकानं दुसरं पुसलं जात नाही.

रात्री नऊ वाजता सुरुवात होते म्हणतात, साडेदहाला होते. कर्णेवाल्याची जाहिरात संपते. पहिला बसतो तो एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, बँकेत नोकरीला. घशाला कोरड पडलीय. षड्जच हलतोय. पोरानं लावून दिलेला तंबोरा मागे घुमतोय आणि हा त्याच्या खालून चाललाय. तुम्हाला उठावंसं वाटेल. बसा. आजूबाजूला बघा, कुणी उठत नाही. अडत्या झोपलाय, पण तो उद्या मोठ्या गवयाच्या वेळीही झोपणार आहे. पुढच्या रांगेतला एक म्हातारा मान हलवून मुलाला खूण करतो: खाली ये, घाई नको. मुलगा थांबतो, पाणी पितो, पुन्हा सा लावतो. या वेळी बसतो. मग वीस मिनिटं तो साधा यमन गातो, त्यात अद्भुत काही नाही, आणि समेवर चार लोक मनापासून दाद देतात. तुमच्या काळातल्या महोत्सवांत हा मुलगा दिसत नाही; तो प्रायोजकांच्या फलकांमागे कुठेतरी राहून गेलेला असतो. फुकटच्या सभेला असा अर्धा-पाऊण तास बेसुरेपणा सोसावाच लागतो. मला तो सौदा महाग वाटत नाही.

मग एक सतारवादक. मग एक बाई, अंगावर साधं इरकल, बसण्यात जराही संकोच नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी घरंदाज म्हणवणाऱ्या बाईनं लोकांपुढे बसून गाणं म्हणजे बोभाटा होता. खाँसाहेबांच्या लेकीनं, हिराबाई बडोदेकरांनी, साडीचा पदर सावरून, बैठकीत शांत बसून तिकिटाचे जलसे केले आणि ती वाट मोकळी झाली. ही बाई त्या वाटेनं आलीय. बिहाग गाते. तुम्हाला मघाचं वाक्य आठवतं: तो बिहागच्या पुढं जात नाही. म्हणजे त्या गवयाचा बिहाग आता गेला. मागच्या बाजूला तो मास्तरांच्या कानाशी लागलेला दिसेल. चेहऱ्यावरून विषय कळतो.

सव्वाबाराला वारं पडतं. पानही हलत नाही. पोरगा आभाळाकडे बघतो, मग तुमच्याकडे. नैर्ऋत्येला लखलखलं. मालकंस नुकता सुरू झालाय, मध्यमावर बुवांनी तळ ठोकलाय, आणि पहिला थेंब कर्ण्यावर टण् करून वाजतो.

पुढची पाच मिनिटं नीट बघण्यासारखी आहेत, कारण या सगळ्या खटाटोपाची घडण त्यांत उघडी पडते. कुणी हुकूम देत नाही. पोरगा झेप घेऊन एक तंबोरा उचलतो, दुसरा तुमच्याकडे येतो. भोपळा छातीशी धरून पळा, दांडी कमानीला लागेल, वाका! तबल्यावर तबलजीनं स्वतःचा कोट टाकलाय. चौघं मिळून सतरंजी माणसांसकट ओढू बघतायत, माणसं ओरडत उठतायत. आजीचं पोतं कुणीतरी घेतलं, आजीला कुणीतरी घेतलं. वाऱ्याचा लोट येतो, बत्ती भकभकते, विजेचे दोन दिवे होते तेही जातात, कर्णा मुका होतो. चिंचेच्या वाळल्या शेंगा टपटप अंगावर पडतात. कर्णेवाला यंत्र पोटाशी धरून शिव्या देत धावतोय. सगळ्यात शेवटी, भिजून चिंब, मास्तर येतात. वही सदऱ्याच्या आत, पोटाला लावलेली. आधी वाद्यं, मग म्हातारी माणसं, मग सतरंज्या, मग गवई. बुवा स्वतःच्या पायांनी आलेत आणि त्यात त्यांना अपमान वाटलेला नाही. तंबोरा कुठाय, एवढंच विचारतात.

कमानीच्या आडोशाला दोन-अडीचशे माणसं दाटीवाटीनं. बाहेर वळीव कोसळतोय, मातीचा वास. गाणं इतक्यात होणार नाही. ओल्या हवेनं तारा उतरल्यात, पोरगा फडक्यानं दांडी पुसतोय. अशा वेळी गोष्टी निघतात. तुमच्या शेजारी एक पानवाले चाचा बसलेत. खाँसाहेबांना पान लावून दिलेलं आहे त्यांनी. त्यांना विचारायची गरज पडत नाही.

चाचांच्या बोलण्यातून तुम्ही आणखी मागे घसरता. उत्तर हिंदुस्थानातल्या कैराण्याचा एक तरुण गवई, जन्म १८७२ चा. बडोद्याच्या दरबारात होता, तिथून ताराबाई माने यांना घेऊन निघाला, फिरत फिरत मिरजेला पोचला. १८९६ नंतरची ती वर्षं प्लेगची. घरं ओस, लोक रानात झोपड्या बांधून राहिलेले. त्या साथीत खाँसाहेबांनाही गाठ आली म्हणतात. कुणीतरी सांगितलं, मीरासाहेबांपुढे जाऊन गा. ते गेले, गायले आणि वाचले. ‘‘तवापास्नं हितली हजेरी चुकीवली न्हाई,’’ चाचा म्हणतात. गाण्यानं प्लेग जातो की नाही, यावर वाद घालू नका. माणूस वाचला आणि त्यानं हे गाव आपलं मानलं, एवढं पुरे आहे.

‘‘उंच टोपी, हातात काठी. आणि आवाज... बाईचा म्हना, बापयाचा म्हना. टोकदार. वाद्याची दुकानं धुंडाळायचे. तंबोरा बिघडला तर सोता दुरुस्त करायचे. ह्या पोराच्या आज्याबरोबर तासन् तास जवारीवर वाद.’’ मग कुत्र्याची गोष्ट येते. टिपूमियाँ नावाचा कुत्रा खाँसाहेबांनी सुरात भुंकायला शिकवला होता आणि जलशात आणला होता, अशी ती गोष्ट. अंधारात सगळे हसतात. ही सगळ्यांनी ऐकलेली आहे, तरी हसतात.

मास्तरांना मात्र दुसरी गोष्ट आवडते. खाँसाहेबांनी आर्य संगीत विद्यालय काढलं, १९१३ साली ते पुण्यात चाललेलं होतं, आणि तिथल्या मुलांच्या जेवणाखाणाचा खर्च खाँसाहेब स्वतःच्या जलशांतून भागवत. ‘‘किती मुलं, किती धान्य, किती जलसे, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं,’’ मास्तर म्हणतात. गणिताचा माणूस. मला वाटतं, या सभेचं खरं कूळ तिथे आहे. बिदागी न घेता गाणं ही नुसती भक्ती असती तर ती दर्ग्यापुरती राहिली असती. गाण्याच्या जिवावर पंगत चालवायची, शिकवायचं, वाद्यं जपायची, हा व्यवहार खाँसाहेबांनी करून दाखवला होता, आणि गावानं तो उचलला.

शेवटची गोष्ट सगळे हळू आवाजात सांगतात. ऑक्टोबर १९३७. मद्रासकडचे जलसे आटोपून खाँसाहेब पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत कळ आली. सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्टेशनात उतरले, फलाटावर वळकटी पसरली, नमाज पढला, म्हणतात की कलमा दरबारी कानड्यात गायला, आणि २७ तारखेला तिथेच गेले. देह मिरजेला आणला. ‘‘हजारो मैलांवर मरण आलं,’’ चाचा फुगवून सांगतात, ‘‘पण झोपाया हितं आले.’’ कुणी अंतर दुरुस्त करत नाही. पलीकडून एक बाई विचारते, रोशनआरा बेगमचं काय? लाडकी शिष्या. दोन वर्षांपूर्वी ती पाकिस्तानात गेली. चाचा पानाची पिंक टाकायला उठतात.

तुमच्या जिभेवर बरंच काही आहे. की कुंदगोळचे सवाई गंधर्व, खाँसाहेबांचे थोर शिष्य, १९५२ मध्ये जातील. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या नावानं उत्सव सुरू होईल आणि भीमसेन जोशी तो आयुष्यभर सांभाळतील. की खाँसाहेबांचे चिरंजीव सुरेशबाबू १९५३ च्या पुढे दिसणार नाहीत. की या चिंचेखाली तुमच्या काळातही उरुसात सभा भरते. गिळून टाका. त्यातलं शेवटचं सांगितलं तर मास्तर घाबरून विचारतील, मग वही कोणाकडे आहे?

दोनच्या सुमाराला पाऊस थांबतो. वीज येत नाही. बुवा म्हणतात, इथेच बसतो. एक गॅसबत्ती पेटते, माणसं सरकून हातभर जागा करतात, पोरगा तंबोरे पुन्हा लावतो. किती वेळ! खुंटी पिळतो, मणका सरकवतो, घोडीवर तारेखालचा दोरा तिळभर हलवतो, आणि मग एकदम कमानीभर तो घुमारा पसरतो. कर्णा नसल्यामुळे पहिल्यांदाच तुम्हाला वाद्याचा खरा आवाज ऐकू येतो.

बुवा मालकंस सोडून देतात. ती वेळ गेली. सोहनी घेतात, थोडी, मग ललत. किराणा घराण्याची रीत तुम्हाला माहीत असेलही: एका सुरावर मुक्काम करायचा, त्याच्या सगळ्या बाजू दाखवायच्या, आणि पुढच्या सुराकडे तो आपणहून बोलावील तेव्हाच जायचं. रेकॉर्डवर ऐकताना हे संथ वाटतं. इथे, गुडघ्याला गुडघा लागलेला, अंगावर ओले कपडे, दोन मध्यमांच्या मधली ती चिंचोळी जागा बुवा पुन्हा पुन्हा चाचपतायत आणि तुमच्या मागे बसलेला बँकेतला मुलगा पुटपुटतोय, ‘‘असं आहे होय, असं आहे होय.’’ त्याला आज रात्री काय मिळालं याचा हिशेब कुठल्याच वहीत येणार नाही. एके ठिकाणी बुवांचा आवाज फाटतो. वय झालंय. ते थांबत नाहीत, फाटलेल्याच आवाजात तो सूर पुन्हा लावतात, आणि या वेळी दाद देणाऱ्यांत तो बिहागवाला गवई पहिला आहे.

पहाटे भैरवी. उजाडल्यावर अडत्या जागा होतो आणि छान झालं म्हणतो.

आता खरं काम. ओल्या सतरंज्या पिळून भिंतीवर टाकायच्या, रंगीत दोरे बघून. चहाचे पेले मोजायचे: सहा कमी. मास्तर खवळतात, मग दोन चिंचेखाली चिखलात सापडतात, एक चाचांच्या टोपलीत. बुवांना बेळगावकडच्या गाडीला पोचवायचं आहे. टांगा सांगितलाय, पण टांगेवाला रात्रभर इथेच बसला होता आणि आता टांग्यात झोपलाय. बुवांचं तिकीट कोण काढणार? रेल्वे कारकून खिशात हात घालतो. मास्तर त्याचं नाव वहीत लिहू लागतात, तो नको नको म्हणतो, ते तरी लिहितात. पोरगा दोन्ही तंबोऱ्यांच्या तारा सैल करून ठेवतो आणि सांगतो, एकाची तबली भिजलीय, चार दिवस सावलीत वाळली पाहिजे, मग जवारी पुन्हा. बाबा ओरडणार.

तुम्ही निघायच्या बेतात आहात. मास्तर हाक मारतात.

‘‘आज रात्री आहात ना? पाणी तुमच्याकडे. आणि पुढच्या वर्षी उरूस अकरा दिवस आधी येतो. मी तेव्हा पेपर तपासणीत अडकलेला असणार. वही सांभाळायला कुणीतरी लागेल. अक्षर बरं आहे का तुमचं?’’

बरं आहे म्हणा किंवा नाही म्हणा, पेन्सिल त्यांनी तुमच्यापुढे धरलेली आहे.